सोडियम चॅनेल निम्मे झाले, मग फिट वाढल्या कशा?

पारवा

फिटच्या गोळ्या म्हणजे मेंदूतला करंट उतरवायच्या गोळ्या, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात आणि ढोबळमानाने ते खोटंही नाही. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, लॅमोट्रिजिन ही सगळी मंडळी चेतापेशींवरचे सोडियम चॅनेल, म्हणजे पेशीच्या पडद्यातली सोडियमची दारं, अडवतात. पेशीत विजेचा ठोका उमटतो तो बाहेरचा सोडियम आत घुसल्यामुळे. सोडियमची वाट अडवली की ठोके कमी, ठोके कमी की फिट कमी. सरळ हिशेब.

हा हिशेब ज्या आजारात साफ उलटा पडतो त्याबद्दल हा धागा. उंदरांच्या मेंदूच्या कापांवर रेकॉर्डिंग करणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे जरा आतलं लिहितो. मी वैद्यकीय डॉक्टर नाही, गोळ्यांचे सल्ले मला मागू नका.

१९७८ साली फ्रान्समधल्या शार्लोट द्रावे या डॉक्टरबाईंनी तान्ह्या मुलांमधल्या एका विशिष्ट एपिलेप्सीचं वर्णन केलं. बाळ जन्मतः धडधाकट. पाच-आठ महिन्यांचं झालं की कधीतरी ताप येतो आणि तापात फिट येते. ती बरेचदा अंगाच्या एकाच बाजूला असते आणि लवकर थांबत नाही. तापातली आकडी आहे, होतं असं, म्हणून सगळे सोडून देतात. मग दुसरी येते, तिसरी येते, पुढे ताप नसतानाही यायला लागतात. दुसऱ्या वर्षापासून बोलणं-चालणं मागे पडतं. आज याला द्रावे सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतल्या एका पाहणीत साधारण १५,७०० मुलांमागे एक असं प्रमाण निघालं होतं.

२००१ मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पच्या गटाने अशा ७ मुलांचा एससीएन१ए हा जीन तपासला. सातही मुलांत तो बिघडलेला, आणि आईवडिलांत मात्र ठणठणीत. म्हणजे बिघाड नव्यानेच झालेला. हा जीन दोन नंबरच्या गुणसूत्रावर असतो आणि नॅव्ह १.१ नावाचा सोडियम चॅनेल बनवतो. जीनच्या दोन प्रतींपैकी एक निकामी, म्हणजे हा चॅनेल साधारण निम्माच तयार होतो.

आता गंमत बघा. सोडियम चॅनेल निम्मे झाले तर मेंदू थंड पडायला हवा. इथे तो पेटतोय. आणि सोडियम चॅनेल अडवणारी गोळी दिली तर आणखी पेटतोय. लॅमोट्रिजिनने या मुलांच्या फिट वाढतात हे १९९८ मध्येच डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, जीन सापडायच्या आधी.

उत्तर मिळालं २००६ साली, सिॲटलमधल्या विल्यम कॅटरॉल यांच्या प्रयोगशाळेत. त्यांनी या जीनची एक प्रत बंद केलेले उंदीर घेतले आणि हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागातल्या पेशी सुट्या करून एकेकीचा सोडियमचा प्रवाह मोजला. उत्तेजना पुढे पाठवणाऱ्या पिरॅमिडल पेशींचा प्रवाह जवळपास होता तसाच. गाबा नावाचं रसायन बाहेर टाकून इतरांना गप्प करणाऱ्या पेशींचा प्रवाह मात्र चांगलाच घटलेला. पुढच्याच वर्षी जपानमधल्या गटाने दाखवलं की हा चॅनेल गाबावाल्या पेशींपैकी पार्व्हाल्ब्युमिन नावाचं प्रथिन असणाऱ्या पेशींत, त्यांच्या तंतूच्या अगदी सुरुवातीला, दाटीवाटीने बसलेला असतो. ठोका जन्मतो ती जागाच ती.

सस्तन प्राण्यांत असे सोडियम चॅनेल ९ प्रकारचे आहेत. पिरॅमिडल पेशींची भिस्त १.२ आणि १.६ वर, या पार्व्हाल्ब्युमिनवाल्यांची मोठी भिस्त १.१ वर. जीन एकच बिघडला तरी फटका बसतो तो गप्प करणाऱ्यांना. कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरात, गाबावाल्या पेशी शंभरात फार तर १०-२०, पण त्यातली एकेक पेशी शेकडो पिरॅमिडल पेशींच्या मानगुटीवर बसलेली असते. ती ढेपाळली की खालचा सगळा गाव मोकाट.

प्रत्यक्षात हे दिसतं कसं ते सांगतो, कारण पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चाट पडलो होतो. मेंदूचा ३०० मायक्रॉन जाडीचा काप, ऑक्सिजन सोडलेल्या मिठाच्या पाण्यात. पार्व्हाल्ब्युमिनवाल्या पेशी लाल चमकतील असे उंदीर मुद्दाम पैदा केलेले असतात, त्यामुळे नेमकी पेशी सापडते. काचेची बारीक नळी पेशीला टेकवायची, हलकेच ओढून घ्यायचं, सील बसला की पेशीचा पडदा फोडायचा. मग आत करंट सोडायचा. निरोगी पेशी स्क्रीनवर कंगव्याच्या दातांसारखे ठोके काढते, सेकंदाला २०० च्या वर, शेवटचा पहिल्याइतकाच उंच. करंट वाढवा, दात आणखी दाट होतात. एक प्रत बंद असलेल्या लहान उंदराची पेशी सुरुवात झोकात करते. पहिले काही ठोके बघून शंकाही येत नाही. करंट वाढवत गेलं की ठोके बुटके व्हायला लागतात, मधलाच एखादा गळतो, आणि शेवटी नुसती थरथरणारी रेघ उरते. जिवंत आहे, करंट आहे, पण ठोका निघत नाही.

म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त गरज असते नेमकं तेव्हाच ती हात टेकते.

आगाऊ_काका

लेख आवडला. मी निवृत्त इलेक्ट्रिकलवाला, त्यामुळे माझे प्रश्न तसलेच.

१. सेकंदाला २०० ठोके म्हणजे एका ठोक्याला ५ मिलिसेकंद. पिरॅमिडल पेशींना हे का जमत नाही? सोडियम चॅनेल तर त्यांच्याकडेही आहेत.
२. ठोका संपवायला पोटॅशियम बाहेर जातो असं शाळेत शिकलो होतो. मग पोटॅशियम चॅनेल जास्त असले तर पेशी सुस्त व्हायला हवी ना?

सायलीची_आई

धागा बघून थबकले. माझी मुलगी द्रावेची आहे. सावकाश लिहिते, आत्ता तिची झोपेची वेळ आहे.

पारवा

@आगाऊ_काका, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच चॅनेल आहे, केव्ही ३ नावाचा पोटॅशियम चॅनेल.

सोडियम चॅनेलची एक खोड आहे. तो उघडला की मिलिसेकंदाच्या आत आपोआप अडकून बसतो, आणि पडद्यावरचा व्होल्टेज पुन्हा खाली, उणे ६०-७० मिलिव्होल्टच्या आसपास गेल्याशिवाय सुटत नाही. म्हणजे पुढचा ठोका हवा असेल तर आधीचा झटपट संपवून व्होल्टेज खाली आणायलाच हवा. ठोका रेंगाळला की चॅनेल अडकलेलेच राहतात.

साधे पोटॅशियम चॅनेल दोन बाजूंनी नडतात. काही फार लवकर उघडतात, म्हणजे ठोका येण्याआधीच पेशीला मागे खेचतात. काही बंद व्हायला वेळ लावतात, म्हणजे ठोका संपल्यावरही खेचत बसतात. तुम्ही म्हणताय ती सुस्ती या दोघांमुळे. केव्ही ३ साधारण उणे २० मिलिव्होल्टच्या वर गेल्यावरच उघडतो, म्हणजे फक्त ठोक्याच्या शिखरावर. उघडतो, व्होल्टेज धाडकन खाली आणतो, आणि खाली आला की लगेच मिटतो. ठोका अर्ध्या मिलिसेकंदाहून कमी रुंदीचा होतो, सोडियम चॅनेल सुटतात, पुढच्या ठोक्याला हजर.

याचा पुरावा तुम्हाला आवडेल. टीईए नावाचं रसायन अगदी कमी मात्रेत, एक मिलिमोलरच्या आसपास टाकलं की मुख्यतः केव्ही ३ अडतो. पोटॅशियम चॅनेल अडवला की पेशी जास्त फडफडते हा सर्वसाधारण अनुभव. या पेशी मात्र टीईए टाकल्यावर मंदावतात, त्यांचा ठोका रुंद होतो आणि वेग कोसळतो.

पिरॅमिडल पेशींकडे केव्ही ३ फारसा नसतो. त्यांना इतक्या वेगात बोलायची गरजही नसते.

आगाऊ_काका

आलं लक्षात. म्हणजे सोडियमवाला आणि पोटॅशियमवाला एकमेकांच्या हाताला हात लावून काम करतात, आणि नॅव्ह १.१ निम्मे असले की जे आहेत त्यांच्यावर सुटायची घाई जास्त. हळू चालवलं तर निभतं, जोरात चालवलं तर नाही. यंत्राच्या भाषेत मार्जिन गेलं. बरोबर?

पारवा

अगदी. मार्जिन गेलं.

नीलपंख

वाचनखूण साठवली. बारावीला जीवशास्त्रात हे असं शिकवलं असतं तर मी इंजिनिअरिंगला गेलो नसतो.

सायलीची_आई

लिहिते म्हटलं होतं.

आमची पहिली फिट तापात आलीच नव्हती. आंघोळीत आली. न्हाऊ घालायला मावशी यायच्या, आमच्याकडे सात महिन्यांपर्यंत चालू होतं. तेल जिरवून झालं, मावशींनी तिला पायांवर पालथी घेतली आणि पाठीवर ऊन पाणी ओतायला सुरुवात केली. आमच्याकडे पाणी कडकच लागतं सगळ्यांना, बाळाला शेक बसला पाहिजे म्हणून. दुसऱ्या का तिसऱ्या तांब्याला तिचा डावा हात उडायला लागला. मला वाटलं पाणी लागलं. मावशी म्हणाल्या, वहिनी, हिचा डोळा बघा. डोळा एका बाजूला गेला होता, हात उडतच होता, पाय पण. दवाखान्यात पोचेपर्यंत थांबला नाही.

पुढचं सगळं पारवा यांनी लिहिलंय तसंच. ताप, फिट, ताप, फिट. एमआरआय चांगला, पहिला ईईजी चांगला. एका डॉक्टरांनी ऑक्सकार्बाझेपिन सुरू केलं. फिट एका अंगाला येते म्हणून ते दिलं असं सांगितलं, आणि त्या वेळी हातात तेवढीच माहिती होती. फिट वाढल्या. मग डोस वाढवला. आणखी वाढल्या, आणि नवीनच प्रकार सुरू झाला, सकाळी उठल्या उठल्या अंग दचकायचं, हातातली वाटी उडून पडायची. घरात सगळे म्हणायचे औषध अजून रक्तात मुरलं नाहीये.

दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांनी आंघोळीची गोष्ट ऐकली आणि पेन खाली ठेवलं. पाणी किती गरम होतं, कुठली बाजू, दर वेळी तीच बाजू का, असं विचारत बसले. (बाजू बदलायची. कधी डावी, कधी उजवी. ते त्यांनी दोनदा लिहून घेतलं.) रिपोर्ट यायच्या आधीच त्यांनी गोळी टप्प्याटप्प्याने बदलायला घेतली. व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम. दचकणं महिन्याभरात खूप कमी झालं. फिट थांबल्या नाहीत, पण लांबणाऱ्या कमी झाल्या.

हे सगळं मला कुणी चॅनेल-बिनेल सांगून समजावलं नव्हतं. "हे औषध हिला चालत नाही" एवढंच. आज पहिल्यांदा कळलं की का चालत नाही. ज्या पेशी आधीच धापा टाकतायत त्यांचेच उरलेसुरले चॅनेल आम्ही अडवत होतो.

उंबरठा

@सायलीची_आई, हे लिहिल्याबद्दल आभार. मी बालमेंदूविकार विभागात शिकतोय. बाजू बदलणाऱ्या, लांबणाऱ्या फिट, वय वर्षाच्या आत, ताप किंवा गरम पाण्याने सुरू होणाऱ्या आणि एमआरआय स्वच्छ: एवढं ऐकलं की द्रावे डोक्यात यायलाच हवा. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी गोष्ट नीट ऐकली, अर्धं निदान तिथेच झालं. सुरुवातीला ईईजी चांगला येणं हेही या आजारात नेहमीचंच, त्यामुळे लोक गाफील राहतात.

आता बाकीच्यांसाठी, आणि हे ठळक अक्षरात समजा: धागा वाचून घरातल्या कुणाची गोळी बंद करू नका. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही उत्तम औषधं आहेत आणि लाखो लोकांच्या फिट त्यांनी आटोक्यात आहेत. बहुसंख्य एपिलेप्सींत पार्व्हाल्ब्युमिन पेशींचा नॅव्ह १.१ शाबूत असतो. कुठलीही फिटची गोळी एकदम तोडली तर न थांबणारी फिट येऊ शकते. अगदी द्रावेच्या काही मोजक्या रुग्णांतही लॅमोट्रिजिन काढल्यावर बिघडल्याची नोंद आहे.

द्रावेत जी औषधं चालतात ती बघितली तर पारवांचा मुद्दा आणखी पक्का होतो. क्लोबाझाम गाबाच्या रिसेप्टरवर बसतं. हा रिसेप्टर म्हणजे स्वतःच क्लोराइडचा चॅनेल आहे, आणि गाबा आला की तो जास्त वेळा उघडावा अशी सोय क्लोबाझाम करतं. म्हणजे कमी गाबा आला तरी परिणाम वाढतो. स्टिरिपेन्टॉल त्याच रिसेप्टरवर दुसऱ्या जागी काम करतं, शिवाय यकृतात क्लोबाझामची विल्हेवाट लावणारी यंत्रणा मंदावतं, म्हणून दोन्ही एकत्र देताना डोस जपून ठरवतात. फेनफ्लुरामिनची कथा तर अजबच. वजन उतरवायची गोळी म्हणून ती खपत होती, हृदयाच्या झडपा खराब होतात म्हणून १९९७ मध्ये बाजारातून काढली, आणि २०२० मध्ये अमेरिकेत द्रावेसाठी खूप कमी डोसमध्ये, हृदयाच्या नियमित इको तपासणीच्या अटीवर परत आली. ती सेरोटोनिनवाटे काम करते.

कडुलिंब

लहान बाळ, ठणठणीत, आणि अचानक ताप येऊन फिट. हे लसीनंतर होतं असं कितीतरी पालक सांगतात. याबद्दल कुणी बोलत नाही.

नीलपंख

आला विषय. धाग्याचं काश्मीर होणार आता.

उंबरठा

होऊ देत नाही. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर याच जीनमध्ये आहे.

ऑस्ट्रेलियातल्या सॅम्युएल बर्कोव्हिक यांच्या गटाने नेमकी अशीच माणसं शोधली, ज्यांच्या मेंदूचा आजार लसीमुळे झाला असं वर्षानुवर्षं मानलं गेलं होतं. अशा १४ जणांचा एससीएन१ए तपासला. ११ जणांत तो बिघडलेला निघाला. हे २००६ साली प्रसिद्ध झालं. बिघाड जन्माआधीपासूनच होता. लसीनंतर जो ताप आला त्याने पहिली फिट ओढून आणली. लस नसती तर सर्दीच्या तापाने आणली असती, नाहीतर सायलीच्या आईंनी सांगितलं तसं गरम पाण्याने.

पुढे याच मुलांत आणखी एक गोष्ट तपासली. ज्यांची पहिली फिट लसीनंतर लगेच आली ती मुलं आणि ज्यांची इतर कशाने आली ती मुलं, यांच्या पुढच्या आयुष्यात फरक पडला का? नाही पडला. म्हणून द्रावेच्या मुलांनाही लसी देतात, तापाची काळजी घेऊन. गोवर झाला तर त्यातला ताप लसीच्या तापापेक्षा कितीतरी भारी पडेल.

सायलीची_आई

सहमत. आम्ही दिल्या सगळ्या. लसीच्या दिवशी थर्मामीटर आणि नाकात मारायचा मिडॅझोलॅमचा स्प्रे उशाशी घेऊन बसतो. सासूबाई आता तापाचं गणित माझ्यापेक्षा चांगलं करतात.

केशरी_टोपी

गरम पाण्यावरून आठवलं. माझं आजोळ कर्नाटकात. तिकडे डोक्यावरून कढत पाणी घेतलं की फिट येते असा एक आजार माहितीचा आहे, आमच्या नात्यात एका काकांना होता. तो हाच का? ते तर पन्नाशीतही शेती करत होते, डोकं तल्लख.

उंबरठा

तो वेगळा. त्याला हॉट वॉटर एपिलेप्सी म्हणतात आणि जगभरातल्या मोठ्या नोंदी दक्षिण कर्नाटकातूनच आहेत, बेंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनोविकार संस्थेत त्यावर भरपूर काम झालंय. त्यात डोक्यावरून तांब्या-तांब्याने गरम पाणी ओतणं हे नेमकं निमित्त असतं. बुद्धी आणि विकास बहुतेकांत उत्तम असतो, आणि पाणी कोमट केलं तरी बऱ्याच जणांचं भागतं. द्रावेत अंग तापणं हे निमित्त. आंघोळ, ताप, उन्हात खेळणं, काहीही चालतं.

पारवा

अंग तापण्याबद्दल एक जोड. कॅटरॉल यांच्याच गटाने २००९ मध्ये हे उंदरांत करून दाखवलं. एक प्रत बंद असलेल्या उंदरांचं शरीर दिव्याखाली हळूहळू तापवलं. अडीच आठवड्यांच्या पिल्लांना काही झालं नाही, तीन आठवड्यांपुढच्यांना तापात फिट आल्या. याच सुमाराला उंदराच्या मेंदूत नॅव्ह १.१ कामाला लागलेला असतो. माणसाच्या बाळात पहिले काही महिने शांततेत का जातात ते यावरून पटतं: लहानग्या मेंदूत सोडियमचं काम दुसरे प्रकार बघत असतात, सूत्रं नॅव्ह १.१ कडे येतात तेव्हा निम्मेपणा उघडा पडतो.

नदीकाठ

धागा उशिरा बघितला. मी याच विषयात अमेरिकेत पोस्टडॉक करतेय, म्हणून थोडी कुरकुर.

पारवांनी रंगवलेलं चित्र २००६-०७ चं आहे आणि पाया म्हणून ते पक्कं आहे. फक्त पार्व्हाल्ब्युमिन पेशींतून नॅव्ह १.१ काढला तरी फिट येतात हेही दाखवून झालंय. त्याहून झकास प्रयोग जपानी गटाचा, २०१३ चा: गाबावाल्या पेशींत बिघाड असलेल्या उंदरांच्या उत्तेजक पेशींतूनही हा चॅनेल कमी केला, तर मृत्यू कमी झाले. म्हणजे एकच चॅनेल, एका पेशीत कमी झाला तर घातक, दुसऱ्या पेशीत कमी झाला तर फायद्याचा. गोळीला हे कळत नाही, ती सगळीकडे सारखीच बसते.

पण २०१८ मध्ये फिलाडेल्फियातल्या गटाने तीच थरथरती रेघ वयानुसार तपासली. तिसऱ्या आठवड्यात पेशी ढेपाळलेल्या. पाचव्या आठवड्यापर्यंत त्याच पेशी जवळपास निरोगी पेशींइतक्या वेगाने ठोके काढायला लागल्या. उंदीर मात्र आजारीच, फिट चालूच. मग गडबड कुठे? त्याच गटाने २०२२ मध्ये एका पार्व्हाल्ब्युमिन पेशीत आणि तिच्या पुढच्या पिरॅमिडल पेशीत एकाच वेळी नळ्या लावून बघितलं. ठोका पेशीत उमटतो, पण वेगात गेलं की पलीकडे गाबा पोचण्यात खंड पडतो. बिघाड पेशीच्या तोंडाशी दुरुस्त झाला, वायरीत राहिला. नुसत्या पेशीच्या अंगावर नळी लावून बसणाऱ्यांना (पारवा, बघताय ना) तो दिसत नाही.

दुसरी कुरकुर म्हणजे "गप्प करणाऱ्या पेशी" हे नाव. त्यांचं निम्मं काम ताल धरण्याचं आहे. ढोल-ताशा पथकात ढोल कितीही असोत, हात पडायचा तो ताशाकडे कान ठेवूनच. पार्व्हाल्ब्युमिन पेशी पिरॅमिडल पेशींना एकाच क्षणी गप्प करतात आणि एकाच क्षणी सोडतात, त्यातून सेकंदाला ३० ते ८० आवर्तनांची गॅमा लय उभी राहते. लक्ष देणं, थोडा वेळ काही डोक्यात धरून ठेवणं याच्याशी ती जोडलेली आहे. द्रावेच्या मुलांची शिकण्यातली अडचण फक्त फिटमुळे येते असं म्हणून चालत नाही ते यासाठी. अल्झायमरच्या उंदरांतही पार्व्हाल्ब्युमिन पेशींत नॅव्ह १.१ घटलेला सापडला होता, २०१२ मध्ये. तो परत वाढवल्यावर गॅमा सुधारली आणि स्मरणशक्तीही.

पारवा

कुरकुर मान्य, टोमणाही पोचला. :) जोडीने नळ्या लावणं माझ्या नशिबात अजून आलेलं नाही.

सायलीची_आई

मग मुळातला जीनच दुरुस्त का करत नाहीत? हा प्रश्न मला सगळे नातेवाईक विचारतात.

नदीकाठ

ताई, अडचण आधी मापाची आहे. जीन पोचवायला जो विषाणू वापरतात त्यात सुमारे ४,७०० अक्षरं मावतात, आणि या जीनचा कामाचा भागच ६,००० च्या आसपास आहे. मावत नाही. म्हणून दोन आडवाटा निघाल्यात.

पहिली वाट: सायलीची एक प्रत चांगली आहे ना, तिच्याकडूनच जास्त काम करून घ्यायचं. या जीनपासून पेशी जो संदेश बनवते त्यातला काही भाग पेशी स्वतःच बाद करते, कारण त्यात एक फालतू तुकडा शिरलेला असतो. त्या तुकड्याला आडवा येणारा छोटा रेणू पाठीच्या कण्यातून देतात, मग बाद होणारा संदेशही कामाला येतो. २०२० मध्ये उंदरांच्या पिल्लांना एकच डोस दिल्यावर फिट आणि अचानक मृत्यू दोन्ही खूप घटले. माणसांत हे औषध आता मोठ्या चाचण्यांपर्यंत आलंय, नाव झोरेव्हुनर्सेन.

दुसरी वाट: जीन पाठवायच्या ऐवजी त्या जीनला चालना देणारं छोटं प्रथिन विषाणूत भरायचं, आणि ते फक्त गाबावाल्या पेशींतच बनेल अशी व्यवस्था करायची. त्याच्याही माणसांतल्या चाचण्या सुरू झाल्या आहेत.

दोन्हींत रोख एकच, गाबावाल्या पेशींचं मार्जिन परत आणणं.

कडुलिंब

लसीचं उत्तर वाचलं. ११ पैकी १४... म्हणजे १४ पैकी ११. बरं.

एक शंका. जीनचा रिपोर्ट आला "एससीएन१ए मध्ये बिघाड", की झालं का निदान? माझ्या ओळखीत एका बाईंना अर्धशिशी आहे, अर्धं अंग लुळं पडतं थोडा वेळ, त्यांच्या रिपोर्टमध्येही हाच जीन होता असं आठवतंय.

उंबरठा

फार चांगला प्रश्न. बिघाड कुठल्या दिशेचा आहे त्यावर सगळं आहे. द्रावेत चॅनेलचं काम कमी होतं. तुम्ही म्हणताय ती कुटुंबात चालणारी, अर्धं अंग लुळं पाडणारी मायग्रेन. तिच्या तिसऱ्या प्रकारात हाच जीन असतो, पण चॅनेल बरेचदा जास्त काम करतो. आणि काही बाळांत फिट पहिल्या तीन महिन्यांतच सुरू होतात, जीन हाच, पण चॅनेल अति उघडा राहणारा. त्यांना सोडियम अडवणारी गोळी चक्क लागू पडू शकते. शेजारचा एससीएन२ए जीनही तसाच: अगदी लवकर सुरू झालेल्या फिट बहुधा या गोळ्यांना दाद देतात, उशिरा सुरू झालेल्या देत नाहीत.

म्हणून नुसतं जीनचं नाव वाचून औषध ठरवता येत नाही. पहिली फिट कितव्या महिन्यात आली, कशाने आली, आधीच्या गोळ्यांनी काय झालं, हे विचारावंच लागतं. मोठ्या वयाच्या कितीतरी रुग्णांचं द्रावे निदान असंच जुन्या फायली चाळून झालंय. वर्षानुवर्षं फेनिटॉइन चालू होतं आणि "औषधाला न जुमानणारी फिट" असा शेरा.

आगाऊ_काका

माझा एक प्रश्न राहिलाच. नॅव्ह १.१ बिघडला तर हे सगळं रामायण. त्याचा जोडीदार केव्ही ३ बिघडला तर? तिथेही तापाने फिट येणार?

पारवा

काका, उलट होतं.

केव्ही ३.१ बनवणाऱ्या केसीएनसी१ जीनमध्ये एका ठरावीक जागी बदल झाला की हळूहळू वाढत जाणारी मायोक्लोनस एपिलेप्सी होते. हे २०१५ मध्ये सापडलं. साधारण शाळेच्या वयात हात-पाय दचकायला लागतात, पुढे तोल जातो, पेला धरणं कठीण होतं, काहींना चाकाची खुर्ची लागते. बुद्धी तुलनेने टिकते. पेशी त्याच, वेगाने ठोके काढणाऱ्या. शिवाय तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्याही (सेरेबेलम), म्हणून तोल जातो.

आणि या रुग्णांपैकी काहींनी सांगितलं की ताप आला की आम्हाला बरं वाटतं. दचकणं कमी होतं, हात स्थिर होतो, ताप उतरला की परत जैसे थे. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेलं नाही. २०१७ मध्ये २० रुग्णांची पाहणी आली, तिच्यासोबत प्रयोगशाळेत चॅनेल तापवूनही बघितले होते. तापमान वाढलं की उरलेले चांगले केव्ही ३.१ कमी व्होल्टेजलाच आणि जास्त तत्परतेने उघडतात, म्हणजे गेलेलं मार्जिन तापापुरतं थोडं भरून निघतं.

सायलीची_आई

हे मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आपल्याकडचा पॅरासिटामॉल त्यांच्याकडे पाठवू नको.